सामायिक कोठार

त्या गुरुवारी सकाळी हार्जितोंनी चहाची गोष्ट सांगितली आणि तिच्यात विनार्सिह नव्हती.

गोष्ट रोजचीच. लग्नाआधी ते विनार्सिहच्या माहेरी गामलान वाद्याच्या काशाच्या पट्ट्या सुरात लावायला गेले होते. पट्टी कानशीनं घासायची, ठोकून ऐकायची, पुन्हा घासायची. ऊन उतरायच्या सुमाराला घरातल्या थोरल्या मुलीनं चहा आणून ठेवला, असा गोड की जीभ टाळूला चिकटावी. हार्जितोंना गोड चहा मुळीच चालत नाही. पण परक्या घरी नको कसं म्हणायचं? त्यांनी पेला रिकामा केला. रिकामा पेला पाहून तिनं दुसरा आणला. मग तिसरा. तिला वाटलं, ह्यांना फार आवडला. त्यांना वाटलं, ही बाई थांबत का नाही. "तिसऱ्या पेल्यानंतर मला सगळ्याच पट्ट्या सुरात वाटायला लागल्या," असं म्हणून ते हसायचे आणि मान वळवून तिच्याकडे हात करायचे, "ही. हीच ती." बिनसाखरेचा चहा त्यांना हवा असतो हे तिला लग्नाला वर्ष उलटल्यावर कळलं, तेही सासूकडून. गेली दोन वर्षं, त्यांचं बाकीचं एकेक आठवणीतून निसटायला लागल्यापासून, ही गोष्ट रोज सकाळी ओसरीवर व्हायची, आणि खरं सांगायचं तर विनार्सिह ती ऐकत नसे. ओळखीचा तुकडा आला की मन नुसती खूण करतं आणि पुढे जातं. कानशीचा आवाज, खूण. पहिला पेला, खूण. हात तांदूळ निवडत असायचे. आज मात्र ते म्हणाले, "मग कुणीतरी चहा आणला," आणि तिचे हात सुपात थांबले.

"कुणी आणला?" तिनं विचारलं.

"कोण जाणे. घरातलं असेल कुणीतरी. चहा काय, येतोच." ते नेमके हसायच्या जागी हसले. मान मात्र वळली नाही. हात उचलला गेला नाही. समोरच्या भिंतीवर उन्हाची पट्टी सरकत होती, तिच्याकडेच ते कौतुकानं बघत राहिले.

न्हाणीघरात लुकितो, त्यांचा मुलगा, अंगावर पाणी ओतत होता. डब्याचा आवाज, पाण्याचा आवाज, मधेच खोकला. लहानपणी खोकायचा तसाच. काल संध्याकाळी तो सुराबायाहून गाडी घेऊन आला होता आणि आज दुपारच्या नमाजानंतर बापाकना, वडिलांना, कायमचं घेऊन परत जाणार होता. तिकडे सुनेनं खोली रंगवून ठेवली होती. मागच्या महिन्यात हार्जितो घरातून निघून पलीकडच्या गल्लीतल्या काशाच्या भट्टीपाशी जाऊन बसले, त्यांना सांभाळणाऱ्या शेजारच्या बू कार्तीला डुलकी लागली तेवढ्यात. तेव्हापासून लुकितोनं विषय सोडला नव्हता. रविवारी फोनवर त्यानं विचारलं, आणि विनार्सिह "हो" म्हणाली. पोटच्या पोराला, तेही आपल्या काळजीनंच बोलणाऱ्याला, नको कसं म्हणायचं? आणि आज सकाळी, ती गोष्टीत नाही असं कळल्यावर, तिला सगळ्यात आधी जे वाटलं त्याची तिला लाज वाटली: आता सोपं जाईल. आपण तिथे नाही हे त्यांना समजणारसुद्धा नाही. मग ती सोपी वाट तिच्यासमोर अशी उघडी पडली की तिला उठून उभं राहावं लागलं.

तेवढ्यात फोन वाजला. ती जिथे डेटाबेस सांभाळायची त्या रुग्णालयातून, सेतो. "बू विनार, माफ करा हं, सकाळी सकाळी. बॅकअपचं कोठार परत भरलं. वॉर्डांचा कालचा बॅकअप अर्ध्यात पडलाय. रजेवर आहात ठाऊक आहे, पण..."

"येते," ती म्हणाली. हार्जितोंची पिशवी भरली जाताना बघत बसायला नको, हे तिनं सेतोला सांगितलं नाही, स्वतःलाही धडपणे सांगितलं नाही.

स्कूटरवर वारा लागला तसं तोंड आणखी सुकलं. सोमवार-गुरुवारचा रोजा ती लग्नाआधीपासून धरत आली होती. त्याचं तिला कधी ओझं झालं नाही. उलट त्या दोन दिवशी अंग हलकं आणि मन निवळ असायचं, तळाशी गाळ बसलेल्या माठासारखं. आज गाळ वर आला होता. चौकातली सेराबीवाली तांदळाच्या घावनांच्या लोखंडी तव्यावरचं झाकण उचलत होती, नारळाच्या दुधाचा जळका वास आला, आणि विनार्सिहला वाटलं, सुराबायाला त्यांना सेराबी कोण आणून देईल. मग वाटलं, तिकडेही मिळत असेल. मग वाटलं, तिकडची कडेला कुरकुरीत नसते. असल्या गोष्टींवर माणूस अडतो. देवापुढे उभं राहून हे कसं मागायचं, की कडेला कुरकुरीत असू दे?

रुग्णालयाच्या तळमजल्यावर यंत्रांची खोली. आत गेलं की थंडी आणि एकसुरी घरघर. हार्जितोंना तिनं एकदा, काही वर्षांपूर्वी, इथे आणलं होतं. त्यांनी दारातच मान कलती करून ऐकलं आणि म्हणाले, "तिसरं कपाट थोडं सुरातून उतरलंय." दोन दिवसांनी त्या कपाटातला पंखा बंद पडला. तेव्हापासून सेतो त्यांची चौकशी करायचा. हे कोठार सेतोच्या ताब्यात होतं. रुग्णालयाचे सगळे डेटाबेस रोज आपापल्या प्रती इथेच आणून ठेवायचे: विनार्सिहचे वॉर्ड आणि रक्तपेढी, लियानाचा हिशेब विभाग; चिनी घरातली म्हणून तिला सगळे 'ची', म्हणजे ताई, म्हणायचे. कोठार एकच, सगळ्यांचं सामायिक.

"या, बू विनार. चेहरा सुकलाय. रोजा?"

"गुरुवार आहे ना."

ची लियाना खुर्चीत पाय वर घेऊन भजं खात बसली होती. "मी समोर खाल्लं तर पाप मला लागतं की तुम्हाला?"

"भूक लागलीय तुम्हाला, ची. खा."

"बघ रे सेतो. ह्यांच्याशी धड भांडताही येत नाही. भिंतीवर चेंडू मारावा, तर भिंतच बाजूला सरकून वाट करून देते."

सेतो हसला, मग कामाकडे वळला. पडद्यावर त्र्याण्णव टक्के भरल्याचा आकडा लाल होता. "तुम्ही मंगळवारी जुन्या दवाखान्याच्या सगळ्या प्रती काढून टाकल्यात ना?"

"काढल्या. ची-ला जागा पुरत नव्हती."

"आकडा हललाच नाही."

"म्हणजे घर रिकामं केलं आणि पाहुणे अजून अंगणातच?" लियाना म्हणाली.

विनार्सिहच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या, कारण हे तिला ठाऊक होतं. तिला ठाऊक नसेल तर कुणाला असणार? हे कोठारच असं होतं की एकसारखा तुकडा दोनदा ठेवायचं नाही. पहिल्यांदा आला तेव्हा जपून ठेवायचा. नंतर ज्या ज्या प्रतीत तो पुन्हा येईल तिथे नुसती खूण. जुन्या दवाखान्याचा डेटाबेस पुढे वॉर्डांच्या डेटाबेसमध्येच सामावला होता, तेव्हा जुन्या प्रतींतलं जवळजवळ सगळं नव्या प्रतींतही होतं. जुनी प्रत काढली म्हणजे तिच्या खुणा गेल्या. तुकडे हलले नाहीत, कारण दुसऱ्या कुणीतरी ते धरून ठेवले होते. जाणार ते एवढंच, जे त्या एका प्रतीशिवाय कुणापाशीच नव्हतं. मुठीएवढं. हे ती नव्या पोरांना शिकवत आली होती. पण मंगळवारी लियाना दारात उभी राहून म्हणाली, "माझे बॅकअप बाहेर थंडीत कुडकुडतायत, तुमचे म्हातारे मात्र पांघरूण घेऊन झोपलेत," आणि विनार्सिहच्या तोंडून, विचार करायच्या आत, "मी करते जागा" निघून गेलं. जागा होते की नाही हे तिनं पाहिलं नाही. सरकायची सवय इतकी जुनी की सरकून कुणाला बसता आलं का, हे मागे वळून बघायचं तिला कधी सुचलंच नव्हतं. ताटातला माशाचा मधला तुकडा, बसमधली खिडकी, माहेरच्या घरातला हिस्सा. चांगुलपणा म्हणतात त्याला. तिला स्वतःलाही तसंच वाटत आलं होतं. आता त्या घरघरीत उभं राहून तिला शंका आली, की त्यात देण्यापेक्षा सुटण्याची घाईच जास्त होती की काय.

"ची," सेतो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "गेल्या महिन्यात तुमच्याकडे काय बदललं?"

"कुठे काय. तपासनीस आले होते. म्हणाले, बॅकअप कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक करून पाठवत जा. पाठवते."

सेतोनं कपाळाला हात लावला. "तुमच्याकडूनच कुलूप लावून?"

"मग काय तुझ्याकडून?"

"हो, माझ्याकडूनच! इथे आल्यावर मी लावतो ना. तुम्ही आधीच लावलंत की कोठाराला काही ओळखूच येत नाही. कालचंच आज आलं तरी त्याला वाटतं, नवा माणूस दारात आलाय. रोज नवा. मग रोज सगळं पहिल्यापासून ठेवून घेतं."

लियानाचं भजं हातातच राहिलं. "म्हणजे कोठार मी भरलं?"

"तुम्ही."

"आणि तीन आठवडे ह्या बाईला टोचत होते?" ती खुर्चीतून उतरली, विनार्सिहसमोर उभी राहिली. "बू विनार, एक शिवी द्या मला. लहानशी चालेल."

"गुरुवार आहे," विनार्सिह म्हणाली, आणि तिघंही हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिनं थंडीवर ढकललं. नवा माणूस दारात. असंच होणार होतं का? एखाद्या सकाळी तिनं बशी पुढे करावी आणि त्यांनी पाहुण्यासारखं संकोचून आभार मानावेत?

सेतोचं भराभरा ठरलं. लियानानं कुलूप काढून नवी प्रत पाठवायची. ती नीट आली की कुलूपवाल्या काढायच्या. दुपारीच साफसफाई सुरू करायची. आठवड्याची साफसफाई एरवी शनिवारी असे. ती झाल्याशिवाय इथून काहीच खऱ्या अर्थानं जात नाही. खूण पुसली तरी माल अंधारात पडून असतो, कुणी धरलेलं नाही असं पाहून साफसफाईच त्याला उचलते.

"म्हणजे माझं अजून आहे," विनार्सिह म्हणाली.

"काय?"

"जुन्या दवाखान्याचं. मंगळवारी काढलेलं."

"आहे की. दुपारपर्यंत."

तिनं ओठ ओले करून पाहिले, जीभ कोरडीच होती. "मला ते परत हवंय, सेतो."

लियाना वळून बघायला लागली. विनार्सिहच्या तोंडून 'हवंय' हा शब्द ह्या खोलीत कुणी ऐकला नव्हता. "काय आहे त्यात एवढं?"

"जुन्या नोंदीत एक रकाना होता. 'सोबत कोण'. आजाऱ्याला कुणी आणलं ते लिहायचे. नंतर कुणाला लागत नाही म्हणून काढून टाकला. मीच काढला. तो तेवढा त्या जुन्या प्रतींतच आहे."

"मग खरंच कुणाला लागणार आहे?"

"कुणाला नाही."

"आणि जागा?" लियानानं सेतोकडे पाहिलं.

"लागतेय कुठे?" सेतो म्हणाला. "बाकीचं सगळं आहेच की ठेवलेलं. ठेवून काही जात नाही, काढून काही मिळत नाही. थांबा, सोमवारच्या नोंदीवरून खुणा परत जोडून देतो."

जोडून झाल्यावर, प्रत धड आहे का हे बघायला म्हणून त्यानं एक तुकडा बाजूला उघडून तिच्याकडे वळवला. ती वाकून वाचत राहिली. सोबत: शेजारीण. सोबत: बेचाकवाला (सायकलरिक्षा), नाव सांगितलं नाही. सोबत: मोठी बहीण, वय नऊ. सोबत: कुणी नाही. सोबत: सासू, रडत होती. रात्रपाळीच्या परिचारिकांनी घाईत टंकलेले ते चार-चार शब्द. कुणाचा ताप उतरला, कुणाचा नाही, ते सगळं नव्या प्रतींत नीट होतं. कोण कुणाला घेऊन आलं होतं हे मात्र इथेच. तिला स्वतःचा ताप आठवला, म्हणजे आठवला नाही, तीच तर गोष्ट. लुकितो तान्हा असताना तिला डेंगी झाला आणि काही दिवस तिच्यातून सपशेल निघून गेले. ते दिवस हार्जितोंपाशी होते. ती बरी झाल्यावर त्यांनी सांगितलं होतं, तू तापात गात होतीस. कुठलं, ते विचारलं तर पितळी वाटीवर नखानं वाजवून दाखवलं होतं, शब्द नव्हतेच म्हणाले. तिच्या आयुष्यातला तेवढा तुकडा तिच्यापाशी कधी नव्हताच. तो एकाच माणसात ठेवलेला होता. अजून असेल? खूण पुसली असेल, पण खाली कुठे अंधारात? आणि त्याला ती मुलाच्या गाडीत घालून पाठवत होती, जागा व्हावी म्हणून. कुणाला?

"मला घरी जायचंय," ती सरळ होत म्हणाली.

"विचारताय की सांगताय?" लियाना म्हणाली.

विनार्सिहला क्षणभर विचार करावा लागला. "सांगतेय."

"मग उभ्या का? जा! वॉर्डांचा बॅकअप मी बसून पुरा करून घेते. एवढं तरी माझ्याकडे लागतंय तुमचं."

परत येताना मशिदींमधून दुपारची बांग एकामागून एक सुरू झाली, जवळची, मग लांबची, मग त्याहून लांबची. तिनं स्कूटर कडेला घेतली नाही. देवा, पाच मिनिटं उशीर माफ कर, एवढंच ती ओठांत म्हणाली. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यालाही तिनं 'चालेल ना?' असं विचारलं नाही.

गल्लीत गाडी उभी होती, तोंड रस्त्याकडे. लुकितो मागचं झाकण लावत होता. बू कार्ती केळीच्या पानात बांधलेला भात घेऊन फाटकाशी उभी होती.

"इबू! बरं झालं आलीस," लुकितो आईला म्हणाला. "नमाज उरकला, निघतच होतो. बापाक तर कधीचे जाऊन बसलेत. उतरायला तयार नाहीत."

हार्जितो मागच्या आसनावर बसले होते, इस्त्रीचा सदरा, मांडीवर टोपी, गावाला निघालेल्या मुलासारखे. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. काय म्हणायचं ते वाटभर जुळवत आली होती. त्यातलं काही उरलं नव्हतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. नजर तिच्या कपाळावर, घामावर थांबली. त्या नजरेत ओळख नव्हती. पण जे होतं ते तिला लख्ख ओळखू आलं. ह्या माणसाची अदब, परक्या घरी तीन पेले पिणारी.

"आपण उन्हात का उभ्या?" ते म्हणाले. "या ना. जागा आहे." आणि टोपी उचलून, काठी ओढून घेऊन, ते खिडकीकडे सरकले.

ती आत बसली. आसन त्यांच्या अंगानं ऊबदार झालं होतं. लुकितो पुढे येऊन बसला, त्यानं इंजिन सुरू केलं, थंड वारा सुटला. आरशात त्याचे डोळे आनंदले होते. "तूही येतेस? चल ना! दोन दिवस राहा, त्यांना जरा रुळू दे."

"नाही, लुकितो."

"बरं, मग गल्लीच्या तोंडाशी सोडतो तुला."

"तसं नाही. ते जाणार नाहीत."

इंजिन चालूच होतं. "रविवारी तू हो म्हणालीस."

"म्हणाले."

"मग?"

"ते हो नव्हतं, बाळा."

समोरच्या काचेकडे बघत तो म्हणाला, "मला कळलं होतं. किती हळू म्हणालीस. मी तुझाच मुलगा ना, कळणार नाही? कळलं, आणि तरी गाडी घेऊन आलो." त्याचा आवाज खाली गेला. "मला भीती वाटते, इबू. एक दिवस ते तुला विसरतील आणि तू ह्या घरात एकटी त्यांच्यासमोर बसलेली असशील."

"विसरले. आज सकाळी."

आरशातले डोळे तिच्यावर आले.

"मग?" त्यानं विचारलं.

"मग काय. मला आठवतंय ना. आणि त्यांच्यात माझं काय काय आहे ते मलाही ठाऊक नाही. असू दे इथंच."

"आणि दिवसभर? बू कार्तींच्या जिवावर?"

"नाही. मी रोजचं अर्ध्या दिवसाचं काम मागणार आहे. उद्याच. वरच्या साहेबांकडे जाऊन, तोंडानं."

"तू? मागणार?" त्याला हसूच आलं, आणि ते थोडं ओलं होतं.

"आज एक गोष्ट मागितली. दिली त्यांनी. इतकी वर्षं मला वाटत होतं मागितलं की काहीतरी बिघडतं." तिनं हार्जितोंची काठी नीट उभी केली. "खोलीचा रंग वाया जायचा नाही. ईदला येऊ. दोघं. गाडी बंद कर आता."

त्यानं किल्ली फिरवली. वारा थांबला, हळूहळू उन्हाची धग काचेतून आत यायला लागली. कुणीच उतरलं नाही. बू कार्ती फाटकाशी भात धरून गोंधळून उभी होती. एक कोंबडी गाडीच्या पुढून सावकाश पलीकडे गेली. हार्जितो खिडकीला नाक टेकून ते सगळं मोठ्या गोडीनं बघत होते. मग ते विनार्सिहकडे वाकले, आणि चालवणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "गाडी छान चाललीय. पण त्यांना म्हणावं, सावकाश घ्या. आपल्याला कुठे घाई आहे?"

लुकितोनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"हो, बापाक," तो म्हणाला. "सावकाशच घेतो."